बाक क्रमांक एकेचाळीस

मार्चच्या अखेरच्या सोमवारी मी चौऱ्याऐंशी बाकं वर आणतो
तळघरातून, सामानाच्या लिफ्टने, सहा-सहा करून.
प्रत्येक पायाला एक चिरलेला टेनिसचा चेंडू,
जिमची लाकडी जमीन खरवडू नये म्हणून.
म्हणजे चेंडू अजून आहेत या हॉलमध्ये,
तीनशे छत्तीस.
एकही उसळत नाही.

बाहेर डुलुथ गोठलेलंच.
लोहखनिजाची जहाजं धक्क्याला बांधलेली,
आणि आत मी टेप घेऊन
बास्केटबॉलच्या पिवळ्या रेषांवर बाकं मांडतो.
दोन बाकांत पाच फूट, वरून तसा कागद आलाय.
मधल्या वर्तुळात पर्यवेक्षक बाईंचं टेबल.
भिंतीवरचे शब्द झाकायचे.
‘उडी’ हा शब्दही झाकायचा,
न जाणो, कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असेल.

हाल्वर्सन बाईंचे तास आठवड्याला चार होते,
मग दोन, मग एक.
शाळेच्या नावापुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’ लागलं
तेव्हापासून त्या एका तासालाही त्या वाचन घेतात.
मुलं भिंतीला पाठ लावून बसतात.
परवाचा उतारा हृदयावरचा होता.
प्रश्न तिसरा: पळल्यावर हृदयाचे काय होते?
चार पर्याय.
एकानेही छातीवर हात ठेवून पाहिला नाही.

वाचण्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही.
या शाळेने मला पळू दिलं, पोटभर पळू दिलं.
मैलाच्या शर्यतीत जिल्ह्यात तिसरा आलो,
आणि कपावर काय कोरलंय ते
बायकोने वाचून दाखवलं, मी सव्वीस वर्षांचा असताना.
तेव्हा अक्षराची किंमत
मला कुणी शिकवू नये.

पण ऑरिन.

तिसरीतला ऑरिन तोइवोनेन पावणेसातलाच येतो,
आईची पाळी हॉस्पिटलच्या धुलाईघरात, लवकरची.
मी त्याला दोर काढून देतो.
उडी, सात. उडी, चौदा. उडी, एकवीस.
छप्पन्नपाशी दोर पायात अडकतो,
तो पुन्हा सातपासून.
नोव्हेंबरात पस्तीसपर्यंत, फेब्रुवारीत सत्तरच्या पार.
खाली बसवलं की सगळं सांडतं.
बाईंनी खूप करून पाहिलं,
कार्डं, रंगीत मणी, शाबासकीचे तारे.
पोराचे आकडे पायांत आहेत, त्याला कोण काय करणार?

मंगळवारी तो एकेचाळीस नंबरच्या बाकावर.
मी दाराशी, हातात उगाचच एक फडकं.
त्याच्या टाचा बाकाखाली उडत होत्या,
अगदी जराशा, बोटभर.
आवाज होत नव्हता. माझे चेंडू.
पेन्सिल चालत होती.
मग पर्यवेक्षक बाई आल्या, वाकल्या, काही पुटपुटल्या,
वाईट बोलल्या नसाव्यात, चेहरा मऊ होता.
ऑरिनने दोन्ही पाय बाकाच्या दांडीला गुंडाळले,
वेल गुंडाळतो तसे,
आणि पेन्सिलही थांबली.
भिंतीवरचं घड्याळ, खेळाडूंचं, जाळीमागचं,
तेवढं पळत राहिलं.

शुक्रवारी बाकं परत खाली.
एकेचाळीसच्या जागी दोन काळे डाग,
रबरी तळव्यांचे, फ्री थ्रोच्या रेषेच्या अलीकडे.
मॉपच्या एका फेऱ्यात गेले असते.
निकाल ऑगस्टमध्ये येईल, टक्क्यांत,
त्यात हे येणार नाही.

सोमवारी हाल्वर्सन बाई आल्या.
गळ्यात शिट्टी होती. कित्येक महिन्यांनी.
डागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘‘इथे पुसायचं राहिलंय,’’ म्हणाल्या.
‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘राहिलंय.’’